बोटीवरचा हिवाळा: थंडीआधी ओल समजून घ्या

नद्या-सरोवरं गोठतात अशा प्रदेशांतही काही माणसं वर्षाचे बाराही महिने बोटीवर राहतात. सुट्टीपुरती नव्हे. तेच त्यांचं घर असतं, तिथूनच ती कामाला जातात. हे ऐकलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या थंडीत कसं काय राहता? प्रश्न रास्त आहे, पण थंडीवर उपाय सापडतो. केबिन लहान असते, बरी शेगडी पेटवली की थोड्या वेळात स्वेटर काढावंसं वाटतं. माणसाला जेरीस आणते ती ओल. छतावरून उशीवर टपकणारे थेंब, खालून भिजलेली गादी, कपाटातल्या कपड्यांवर आलेली बुरशी आणि सगळीकडे भरून राहिलेला कुबट वास. ही ओल कशी तयार होते हे एकदा नीट कळलं, की शेगडी कोणती घ्यावी, झडपा उघड्या का ठेवाव्यात, गादीखाली काय घालावं, या प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपोआप लागतात. म्हणून हा लेख आधी ओलीबद्दल आहे आणि बाकी गोष्टींबद्दल नंतर.

पाणी गार, हवा त्याहून गार

बोट पाण्यात असते, म्हणजे तिचा तळ सगळ्यात गार असणार असं आपण सहज धरून चालतो. कडाक्याच्या थंडीत परिस्थिती नेमकी उलटी असते. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वात जड असतं. त्यामुळे सरोवर गार होत जाताना ४ अंशांचं पाणी खाली बसतं, त्याहून गार पाणी वर राहतं आणि बर्फ वरच्या थरात धरतो. समुद्राचं खारं पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं. म्हणजे बाहेरची हवा उणे २० पर्यंत उतरली, तरी बोटीच्या पाण्याखालच्या भागाला लागून असलेलं पाणी फार तर उणे दोनपर्यंत जातं.

म्हणूनच पाण्याच्या रेषेखाली बसवलेली टाकी सहसा गोठत नाही आणि डेकखालून नेलेला पाइप एका रात्रीत फुटू शकतो. याचा अर्थ तळ उबदार असतो असा मात्र नाही. पाणी हवेच्या जवळजवळ २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं, त्यामुळे पायाखालची फळी गारच लागते आणि जाड गालिचा हवाच. पण गोठण्याची आणि भिंतींना घाम फुटण्याची मुख्य जागा पाण्याच्या रेषेच्या वर आहे: डेकची खालची बाजू, खिडक्यांच्या कडा, आरपार गेलेलं प्रत्येक लोखंड.

भिंतींना घाम का फुटतो

हवेत वाफेच्या रूपात किती पाणी मावतं हे तापमानावर ठरतं. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास पाणी राहू शकतं. शून्य अंशाला हा आकडा जेमतेम ५ ग्रॅम होतो आणि उणे १० ला अडीच ग्रॅमही उरत नाही. उबदार हवा गार पृष्ठभागाला टेकली की ती तिथल्या तिथे गार होते आणि न मावणारं पाणी सोडून देते. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून सुटणारे थेंब हेच. केबिनमध्ये तापमान २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरणार. हिवाळ्यातल्या बोटीत अशा वस्तू पावलोपावली असतात.

डेकवर दोर बांधायचे खुंटे असतात, त्यांचं उदाहरण घ्या. खुंटा पक्का बसावा म्हणून त्याचे बोल्ट डेकमधून आरपार जातात आणि खालचे नट केबिनच्या छतात निघतात. धातूतून उष्णता झरझर वाहते, त्यामुळे बाहेर उणे १० असताना आतला नट आजूबाजूच्या छताहून कितीतरी गार पडतो. सकाळी टॉर्च मारून पाहिलं तर प्रत्येक नटाखाली एकेक थेंब लोंबत असतो, आजूबाजूचं छत मात्र कोरडं. डेक गळतोय असं समजून लोक बाहेरून सीलंट भरत बसतात आणि गळती काही थांबत नाही, कारण ते पाणी बाहेरून येतच नसतं. नटावर फोमची टोपी चिकटवली, त्यावर लाकडाची चकती बसवली, की थेंब बंद होतो.

हे पाणी येतं कुठून? मुख्यतः आपल्यापासूनच. दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वास आणि घामावाटे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतात. त्यात स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे, बुटांबरोबर आत आलेला बर्फ. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गॅस. १ किलो प्रोपेन जळला की त्यातल्या हायड्रोजनचं १.६ किलो पाणी होतं. धुराडं नसलेली गॅसची किंवा रॉकेलची शेगडी ऊब देते खरी, पण त्याच वेळी केबिनमध्ये पाणी ओतत असते. जमिनीवरच्या घरात ही वाफ मोठ्या जागेत विरून जाते. दहा-अकरा मीटरच्या बोटीत आतली सगळी जागा मिळून २५-३० घनमीटर भरते.

दुखणं जुनंच आहे. नॉर्वेचा संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात गोठवून घ्यायला निघाला. बर्फाने दाबलं तर जहाज चिरडलं न जाता वर उचललं जावं, अशी त्याची गोलसर बांधणी कॉलिन आर्चरने केली होती आणि तिचं कौतुक आजही होतं. मला त्याच जहाजाची आतली बाजू जास्त शिकवणारी वाटते. आधीच्या मोहिमांत भिंतींवर धरलेलं पाणी एकतर तिथेच गोठायचं किंवा ओघळून बिछान्यांत उतरायचं आणि गाद्यांची अक्षरशः बर्फाची ढेकळं व्हायची, हे नान्सेनला ठाऊक होतं. म्हणून फ्रामच्या भिंती आणि छत त्याने नमदा, कॉर्क, लाकूड, रेनडिअरचे केस आणि लिनोलियम अशा एकावर एक थरांनी मढवले. वाफ कमी होत नसेल तर आतला पृष्ठभाग गार पडू द्यायचा नाही, हा त्यामागचा विचार. सप्टेंबर १८९३ ते ऑगस्ट १८९६ जहाज बर्फात होतं आणि दिवाणखान्यात शेगडी पेटली की झोपायच्या खोल्यांच्या भिंतीही कोरड्या राहत, असं नान्सेनने नोंदवून ठेवलं आहे. हाताशी फोम नसताना हे साधलं!

खिडकी उघडा, खरंच

नवख्या माणसाला पटायला सर्वात जड जाणारी गोष्ट ही. थंडी आत येऊ नये म्हणून तो प्रत्येक फट बुजवतो आणि आतली वाफ आतच कोंडून घेतो. बाहेर धुकं असो की बर्फ पडत असो, उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे अडीच ग्रॅमहूनही कमी पाणी आहे. ती आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली येते. हिवाळ्यात बोटीजवळ मिळणारी सर्वात कोरडी गोष्ट म्हणजे बाहेरची हवा.

हिशेबच करून पाहू. केबिन ३० घनमीटरची, आत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता, म्हणजे घनमीटरमागे दहा ग्रॅमच्या थोडं वर पाणी. ही सगळी हवा बाहेर घालवून बाहेरची आत घेतली तर घनमीटरमागे ८ ग्रॅम, म्हणजे एकूण पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर गेलं. नवी हवा तापवायला लागते साधारण ०.३ युनिट ऊर्जा. १ लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट असतात, तेव्हा हा खर्च ३०-४० मिलिलिटर डिझेलचा. पाव लिटर पाणी बाहेर काढायला हा खर्च अगदीच थोडा आहे.

म्हणून स्वयंपाक करताना वरची झडप उघडी, अंघोळ शक्यतो धक्क्यावरच्या स्नानगृहात, आणि झोपायच्या जागेजवळ एक छोटी झडप रात्रभर उघडी. हवा एका टोकाकडून आत यावी आणि दुसऱ्या टोकाकडून बाहेर पडावी. एकाच भोकाने ते होत नाही.

थरांबद्दल एक सूचना. फोम निवडताना ज्याच्या बुडबुड्यांमध्ये पाणी शिरत नाही असाच घ्यावा आणि तो बोटीच्या भिंतीला घट्ट चिकटवावा. मागे फट राहिली तर केबिनची दमट हवा तिथे शिरते आणि दिसणार नाही अशा जागी पाणी धरत राहते. घरांत वापरतात ती काचेची लोकर बोटीत नको. ती एकदा भिजली की वाळत नाही, आणि भिजलेली लोकर ऊब धरून ठेवत नाही.

गादीकडे मात्र वेगळं लक्ष द्यावं लागतं. झोपलेल्या माणसाच्या अंगची वाफ गादीतून खाली झिरपते आणि खालच्या गार प्लायवूडला टेकून तिचं पाणी होतं. सकाळी गादी उभी करून पाहा: जिथे खांदे आणि कंबर टेकतात नेमक्या तिथे फळी ओली असते. दोन आठवडे दुर्लक्ष केलं तर त्याच आकाराचे काळे ठिपके उमटतात. बारीक लाकडी पट्ट्यांची जाळी किंवा स्प्रिंगसारखी विणलेली प्लास्टिकची चटई खाली घातली की गादीखालून हवा फिरते. त्याबरोबर दिवसा गादी टेकवून उभी ठेवायची सवय लावून घेतली तर बुरशी जवळपास येतच नाही. कपाटांचंही तसंच. दारांना भोकं किंवा जाळी हवी, कपडे बोटीच्या भिंतीला चिकटून नकोत, आणि पुस्तकं तर बाहेरच्या भिंतीलगत ठेवूच नयेत. सादळलेलं पुस्तक परत पूर्वीसारखं होत नाही.

ऊब कुठून आणायची

वरचं सगळं लक्षात घेतलं तर शेगडीबाबतचा नियम एका वाक्यात सांगता येतो: जळलेला धूर आणि वाफ थेट बाहेर गेली पाहिजे. या नियमात तीन प्रकार बसतात.

पहिला, पंख्याने गरम हवा फेकणारा डिझेल हीटर. यात डिझेल बंद कप्प्यात जळतं, धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो आणि केबिनची हवा त्या कप्प्याच्या बाहेरून फिरून गरम होते. सोयीचा असतो, पण वीज लागते. तो तासन् तास अगदी मंद ठेवला तर आत काजळी साचून बंद पडतो. त्यापेक्षा अधूनमधून पूर्ण जोरात चालवावा. केबिनला सरासरी २ किलोवॉट ऊब लागत असेल तर दिवसाला सहा लिटरच्या आसपास डिझेल जातं.

दुसरा, धुराड्याची शेगडी, डिझेलची किंवा लाकडाची. मला हीच सर्वात आवडते. ती जळताना केबिनमधली दमट हवा ओढून धुराड्यातून बाहेर काढते आणि तिच्या जागी बाहेरची कोरडी हवा आत येते. ऊब आणि वायुवीजन एकाच वेळी, तेही विजेशिवाय. मात्र बाहेरून हवा यायला वाट ठेवलीच पाहिजे. या शेगडीत डोकं तापतं आणि पाय गारठतात, कारण गरम हवा छताला जाऊन बसते. छताजवळ लहानसा पंखा लावून ती खाली ढकलली की फरक लगेच जाणवतो.

तिसरा, धक्क्यावरच्या विजेवरचा हीटर. स्वच्छ आणि कोरडा. पण २३० व्होल्टच्या १६ अँपिअर जोडणीतून जास्तीत जास्त ३,७०० वॉटच्या आसपास मिळतात. दीड हजार वॉटचे दोन हीटर चालू असताना किटली लावली की फ्यूज उडालाच. त्याहून गंभीर धोका प्लगचा आहे. खाऱ्या हवेत त्याच्या पिना गंजतात, जोड ढिला पडतो आणि रात्रंदिवस पूर्ण भार वाहताना तो वितळतो. बोटींना लागणाऱ्या आगींचं हे ओळखीचं कारण आहे. हीटर तासभर चालल्यावर प्लगला हात लावून पाहावा. नीट तापलेला लागला तर बंद करून बदलावा. वीज कधीतरी जाणारच, तेव्हा एकट्या विजेवर हिवाळा काढायचं मनात आणू नये.

हवेतलं पाणी शोषणारं यंत्र घ्यायचं असेल तर गार केबिनसाठी फिरत्या शोषक चाकाचं घ्यावं. कॉम्प्रेसरवर चालणारं यंत्र १५ अंशांखाली सुस्तावतं, त्याच्या नळ्यांवर बर्फ धरू लागतो. शोषकाचं यंत्र वीज जास्त खातं, पण ती सगळी ऊब होऊन केबिनमध्येच राहते. शिवाय प्रत्येक लिटर वाफेचं पाणी होताना आणखी ०.७ युनिटच्या आसपास उष्णता मोकळी होते.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. इंधन अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते. सर्दी-तापासारखं वाटतं, पण अंगात ताप नसतो आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं. असं झालं तर सगळ्यांनी आधी बाहेर पडावं, कारण मग शोधावं. बर्फाने धुराड्याचं किंवा हीटरच्या नळीचं तोंड बुजलं तरी हा वायू आत येतो, शेजारच्या बोटीच्या जनरेटरमधूनही येतो. झोपायच्या जागेजवळ याचा अलार्म हवाच, आणि निखाऱ्याची शेगडी केबिनमध्ये कधीही आणू नये. अलार्मसाठी आणि शेगडीसाठी मिळून पैसे पुरत नसतील तर आधी अलार्म घ्या.

पाणी, बर्फ आणि बाकीची दुखणी

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बोटीच्या भिंतीतून पाणी आत-बाहेर नेणारे जे व्हॉल्व्ह असतात, त्यांच्या पोकळीत अडकलेलं पाणी गोठलं तर पितळी व्हॉल्व्हलाही तडा जातो. यातला घात असा की बर्फ असेपर्यंत तडा बुजलेला राहतो आणि दोन-तीन दिवसांनी हवा निवळली की तिथून पाणी आत यायला लागतं. बोटीवर राहणाऱ्यासाठी सर्वात साधा उपाय म्हणजे ज्या कपाटांत हे व्हॉल्व्ह आहेत त्यांची दारं थंडीच्या रात्री उघडी ठेवणं, केबिनची ऊब तिथवर पोचते. इंजिन वापरात नसेल तर त्याच्या बाहेरून पाणी घेणाऱ्या मार्गात प्रोपिलीन ग्लायकोल फिरवून ठेवतात. गाडीतलं एथिलीन ग्लायकोल विषारी असतं, पिण्याच्या पाण्याच्या जवळपासही ते नको.

धक्क्यावरचे नळ गोठतील म्हणून पुष्कळ ठिकाणी हिवाळ्यात बंद करतात. जिथे पाणी चालू ठेवतात तिथे पाण्याचा पाइप चक्क पाण्याखालून नेलेला असतो, कारण तिथलं तापमान गोठणबिंदूच्या फार खाली जात नाही. वर निघालेलं टोक मात्र वापरानंतर रिकामं करायला विसरू नये.

गॅसच्या टाकीत ब्यूटेन असेल तर उणे अर्ध्या अंशाखाली त्याची वाफच होत नाही आणि शेगडी पेटत नाही. हिवाळ्यात प्रोपेन हवा, तो उणे ४२ पर्यंत साथ देतो. दोन्ही वायू हवेपेक्षा जड. गळले तर बोटीच्या तळाशी साचतात, म्हणून गॅसचा अलार्म खाली बसवतात. डिझेलही हिवाळी प्रतीचं भरावं, उन्हाळी डिझेलमधलं मेण थंडीत गोठून गाळणी बंद करतं. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, ती कायमची बिघडते. लेड-अॅसिड बॅटरी भरलेली असेल तर कडक थंडी सोसते, पण रिकामी झालेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठते.

बर्फ पडला की सुंदर दिसतो आणि वजनाचा अंदाज येत नाही. २० चौरस मीटरच्या डेकवर ३० सेंटिमीटर ओला बर्फ साचला तर त्याचं वजन पावणेदोन टनांवर जातं. एवढ्याने बोट काही थेट बुडत नाही. ती थोडी खाली दबते आणि एरवी पाण्याच्या वर असणारी निचऱ्याची भोकं पाण्याखाली जातात. त्यातला एखादा पाइप ढिला असेल तर पाणी आत यायला सुरुवात होते. तेव्हा बर्फ झाडायचा तो रात्रीतून उठूनही, आणि प्लास्टिकच्या फावड्याने. लोखंडी फावड्याने डेकवर ओरखडे पडतात. बोटीवर लाकडी सांगाडा उभारून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं तर हे काम पुष्कळ वाचतं. ऊन असेल त्या दिवशी आतला डेक चांगला तापतो, मात्र त्या आवरणालाही झडपा ठेवाव्या लागतात.

बोटीभोवतीचा बर्फ स्थिर असेल तर तो सहसा फार त्रास देत नाही. वाऱ्याने किंवा भरतीने हलणारी बर्फाची चादर मात्र पाण्याच्या रेषेवर बोट घासत राहते. गोड्या पाण्यात खालचं ४ अंशांचं पाणी वर ढकलणारा पंखा किंवा बुडबुड्यांची नळी लावली की बोटीभोवती मोकळं पाणी राहतं.

धक्क्यावरून पाय घसरला तर

बोटीवर राहणाऱ्याला हिवाळ्यात सर्वात मोठा धोका धक्का आणि बोट यांच्यामधल्या दोन फूट अंतरात असतो. फळ्यांवर बर्फाचा पातळ थर, हातात पिशव्या, अंधार लवकर पडलेला. थंड पाण्यात पडल्यावर काय होतं हे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त तीन आकड्यांत सांगतात: १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास धापांमध्ये आपोआप ओढला जातो, तेव्हा डोकं पाण्यावर ठेवून श्वास ताब्यात आणणं एवढंच काम. नंतरची १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. त्यानंतर अंग गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. माणसं बुडतात ती बहुतेक पहिल्या मिनिटात धाप लागून किंवा दहा मिनिटांनंतर हातांत बळ न उरल्यामुळे. अंगात लाइफजॅकेट असेल तर तो एक तास खरोखर मिळतो.

हिवाळ्यात धक्क्यावर वर्दळ नसते, हाक ऐकायला कोणी असेलच असं नाही. त्यामुळे धक्क्यावरून चालतानाही लाइफजॅकेट घालावं आणि शिट्टी किंवा फोन अंगावर, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावा. शिडी सगळ्यात महत्त्वाची. बोटींच्या पुष्कळ शिड्या वरून खाली सोडायच्या असतात, पाण्यातल्या माणसाचा हात त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पाण्यातून दोरी ओढल्यावर खाली येईल आणि तिच्या दोन पायऱ्या तरी पाण्याखाली जातील अशी शिडी बसवून घ्यावी. उन्हाळ्यात, पाणी सुसह्य असताना, कपडे-बुटांसकट पाण्यात उतरून त्या शिडीने एकट्याने वर येता येतं का ते करून पाहावं. नाही जमलं तर ती पहिली थंडी पडण्याआधी बदलून घ्यावी.